जुन्या इंजिनमधली ऑईल गळती : उगम शोधण्यापासून सील बदलण्यापर्यंत

गाडी उभी असते त्या जागी काळा डाग दिसायला लागला की पहिला संशय चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑईल साठवणाऱ्या भांड्यावर, जातो. डाग खाली, चेंबरही खाली, म्हणजे चेंबरचं पॅकिंग (गॅस्केट) गेलं. मग ऑईल काढा, चेंबर उतरवा, नवं पॅकिंग लावा, आणि आठवड्याभरात डाग परत त्याच जागी. ऑईल मुळात तिथून येतच नव्हतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑईल हेडवरून, ब्लॉकच्या कडेकडेने, एखाद्या ब्रॅकेटच्या आडोशाने खाली उतरतं आणि चेंबरच्या सगळ्यात खालच्या बोल्टच्या डोक्यावरून टपकतं.

पॅकिंग बदलणं त्या मानाने सोपं. खरा कस लागतो तो आधी: ऑईल नेमकं कुठून येतंय, आणि इतकी वर्षं न येता आत्ताच का येतंय? म्हणून शोधण्याबद्दल इथे जास्त लिहिलंय. पाने हातात घ्यायची घाई असेल तरी तो भाग वगळू नका.

हे इंजिन ऑईलच आहे का?

रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा पसरा. त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडलाय ते कळेल. इंजिन ऑईल तपकिरी ते काळं असतं, बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि बऱ्याच पॉवर स्टीअरिंगचं ऑईल लालसर असतं, जुनं झालं की तेही तपकिरी होतं. गिअर ऑईल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतला की तो वास विसरत नाही. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचं. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्याची काळजी करू नका.

दोन द्रव फसवतात. एक डिझेल. पंपाच्या किंवा पाईपच्या सांध्यातून पाझरणारं डिझेल धूळ पकडतं आणि हुबेहूब ऑईल गळतीसारखं दिसतं. वास घेतला की उलगडा होतो. दुसरा ब्रेक ऑईल. फिकट पिवळसर, पातळ, रंगावर पडला तर रंग सोलणारा. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या सरळ रेषेत असा डाग दिसला तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी न चालवता आधी ब्रेकचं काम करा.

आणखी एक शक्यता: डाग कुठेच नाही, तरी डिपस्टिकवर लेव्हल उतरतेय. म्हणजे ऑईल जळतंय. सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावरून आल्यावर पुन्हा रेस दिली की निळसर धूर येतो का ते पाहा. ते काम व्हॉल्व्ह सीलचं किंवा रिंगांचं.

किती घाई करायची?

जुन्या इंजिनवर एखाद्या सांध्याला ओल दिसणं आणि तिथून थेंब पडणं यात बराच फरक आहे. धुळीने माखलेली, जमिनीपर्यंत न पोहोचणारी ओल वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तिच्यासाठी अर्धं इंजिन उघडू नये असं माझं मत आहे, लेव्हल तपासत राहिलं की झालं.

पण काही ठिकाणची गळती थांबायला वेळ देत नाही. ऑईल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा सायलेन्सरच्या पाईपवर पडत असेल तर जळका वास, केबिनमध्ये धूर आणि आग लागण्याची शक्यता असते. टायमिंग बेल्टवर ऑईल जात असेल तर रबर मऊ पडून बेल्ट आधीच दगा देतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. क्लच प्लेटवर पोहोचलं की चढावर क्लच घसरायला लागतो. आणि ऑईल प्रेशरचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी लेव्हल बघितल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच कार इंजिनांमध्ये साधारण १ लिटरचं अंतर असतं. खालच्या खुणेच्याही खाली गेलात तर बेअरिंगांच्या जिवावर गाडी चालवताय.

आधी इंजिन धुवा

चिखल, धूळ आणि जुन्या ऑईलच्या थराखाली उगम सापडत नाही. इंजिन गार असताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉईल, एअर क्लीनरचं तोंड आणि फ्यूज बॉक्स प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डिग्रीझर फवारा, १०-१५ मिनिटं मुरू द्या, लांब दांड्याच्या ब्रशने कोपरे घासा आणि हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर सीलवर आणि कनेक्टरवर जवळून मारू नका. पाणी आत जातं आणि मग गळतीऐवजी मिसफायर शोधत बसावं लागतं. डिग्रीझर नसेल तर रॉकेल आणि ब्रश चालतो, पण इंजिन पूर्ण गार हवं, जागा मोकळी हवी, आणि नंतर सगळं नीट पुसून, वाळवून मगच स्टार्ट मारायचा. पेट्रोलने इंजिन धुणाऱ्यांच्या जवळही उभं राहू नका.

धुताना एक गोष्ट लक्षात येते. सगळ्यात जाड, डांबरासारखा थर असतो तिथली गळती जुनी, आणि ताजं चमकणारं ऑईल असतं तिथली चालू. धुण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर ताडून बघायला उपयोगी पडतात.

वर बघा, पुढे बघा

ऑईल खाली वाहतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून जिथे सर्वांत जास्त ओलं दिसतं ती जागा क्वचितच दोषी असते. शोधायची ती सर्वांत वरची आणि गाडीच्या दिशेने सर्वांत पुढची ओली जागा.

धुतलेलं, कोरडं झालेलं इंजिन उभ्या गाडीत चालू करा आणि टॉर्च घेऊन बघत राहा. ऑईल गरम होऊन पातळ होईपर्यंत १५-२० मिनिटं लागतात. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही, केस लांब ठेवा. काही दिसलं नाही तर पाच-दहा किलोमीटर चालवून आणा आणि पुन्हा बघा. काही गळत्या फक्त वेगात, प्रेशर चढल्यावर दिसतात, तर काही गाडी थांबल्यावर, तापलेलं ऑईल निथळायला लागल्यावर.

तरीही सापडत नसेल तर पावडर वापरा. साधी टाल्कम पावडर ब्रशने संशयित सांध्यांवर भुरभुरवा किंवा पायांसाठी मिळते ती स्प्रे पावडर मारा. पांढऱ्या पृष्ठभागावर ऑईलची पहिली रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. दुसरा मार्ग यूव्ही डायचा: ऑईलमध्ये डाय घालून थोडं चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं, गळती पिवळी-हिरवी चमकते. इंजिनच्या मागच्या, हात न जाणाऱ्या भागासाठी डाय चांगला. बाकी ठिकाणी मला पावडरच आवडते, कारण डायमध्ये जुनी राहिलेली ओलही चमकते आणि माणूस गोंधळतो. मोबाईलला जोडायचा छोटा एंडोस्कोप किंवा दांड्याचा आरसा असेल तर फायरवॉलकडची बाजू त्याने बघा.

चांगल्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन असतं. इंजिन बंद ठेवून डिपस्टिकच्या नळीतून अगदी कमी दाबाने धूर आत सोडतात, तो बाहेर येतो तिथे गळती. हा प्रयोग घरी कॉम्प्रेसरच्या हवेने करायचा मोह होतो. करू नका. टायरमध्ये हवा भरायच्या दाबाने धड असलेली सीलंही बाहेर येतील.

ब्रीदर तपासल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका

जुन्या इंजिनमध्ये एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून ऑईल यायला लागलं, तर चार पॅकिंगं एकदम गेली असं समजण्याआधी आतला दाब तपासा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायम खाली उतरतो. तो बाहेर काढायला ब्रीदर पाईप आणि पेट्रोल इंजिनांत बहुधा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस पुन्हा इंजिनात ओढू देणारी झडप) असतो. हा रस्ता तुंबला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑईलला जिथून वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. अशा इंजिनला नवं पॅकिंग लावलं तर तेही काही दिवसांत ओलं होतं आणि दोष पॅकिंगच्या कंपनीला मिळतो.

तपासणी अशी. इंजिन गरम, आयडलवर. ऑईल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा. पीसीव्ही व्यवस्थित असेल तर कागद हलकासा आत ओढला जातो किंवा जागेवर थरथरतो. फुगून उडत असेल तर दाब आहे. जुन्या डिझेल इंजिनमध्ये झाकण नुसतं उलटं ठेवून बघतात. थोडं नाचलं तर चालतं, उडून पडलं तर नाही. काही इंजिनांत झाकण उघडं असताना ऑईलचे शिंतोडे उडतात, म्हणून चेहरा बाजूला ठेवा.

आता पीसीव्ही व्हॉल्व्ह काढा आणि कानाशी हलवा. आतून टकटक आवाज यायला हवा. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवायला हवी. तुंबला असेल तर कार्ब क्लीनरने धुऊन तात्पुरता चालेल, पण नवाच टाकलेला बरा. होज बोटांनी दाबून बघा. वरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या होजचा आतला थर सुटून रस्ता बंद झालेला असतो. ब्रीदरची जाळी टॅपेट कव्हरच्या आत असेल तर तीही मळाने गच्च होते. रोज थोडं थोडं अंतर चालणाऱ्या, पूर्ण न तापणाऱ्या गाड्यांत तिथे पांढरट-पिवळा फेसाळ मळ साचतो.

ब्रीदर मोकळा असूनही दाब येत असेल तर रिंगा किंवा सिलेंडर झिजलेत. पेट्रोल इंजिनवर कॉम्प्रेशन मोजा. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजल्यावर ते वाढलं तर दोष रिंगांचा. मग गळतीवर खर्च करण्याआधी इंजिनचं काम काढायचं की नाही हे ठरवावं लागेल.

लेव्हलही बघा. जास्त भरलेलं ऑईल क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य शाफ्ट) घुसळतो, ते फेसाळतं आणि सीलांवर येतं. ऑईल न भरताच लेव्हल वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता असते. पातळ झालेलं ऑईल गळतंही जास्त आणि बेअरिंगही खातं. आधी पंप, मग ऑईल बदल, मग गळतीचा विचार.

किरकोळ जागा, आधी त्या संपवा

ऑईल फिल्टर. नुकतंच ऑईल बदललं असेल आणि तेव्हापासून गळती असेल तर दुसरीकडे बघूच नका. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसतो, आणि दोन रबरांच्या मधून ऑईल पिचकारीसारखं येतं. फिल्टर काढला की बसायची जागा बोटाने चाचपा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. फिल्टरच्या डब्यावर वेगळी सूचना छापलेली असेल तर ती पाळा.

ड्रेन प्लगचा वायसर. ॲल्युमिनियमचा चेपणारा वायसर दर वेळी नवा टाका. तांब्याचा असेल तर लालबुंद तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो आणि वापरता येतो. प्लग जास्त आवळून ॲल्युमिनियम चेंबरचे आटे घालवणारे बरेच असतात. आटे गेलेच असतील तर हेलिकॉईल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाकून घ्या. टेफ्लॉन टेप गुंडाळून दिवस ढकलू नका.

ऑईल प्रेशर स्विच हा सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार. बहुधा फिल्टरजवळ किंवा ब्लॉकच्या बाजूला असतो. याची गळती पुष्कळदा आट्यांतून नसून स्विचच्या पोटातूनच असते: आतला पडदा फुटतो आणि काळ्या प्लास्टिकच्या व धातूच्या सांध्यातून ऑईल बाहेर येतं. वायरचा कनेक्टर काढून बघा. आत ऑईल भरलेलं असेल तर स्विच बदला, विषय संपला. आटे पुष्कळदा निमुळते असतात, ओठ दाबून जोर लावलात तर ब्लॉकचं तोंड तडकू शकतं.

डिपस्टिकच्या नळीच्या तळाची ओ-रिंग, ऑईलच्या झाकणाचं रबर, हेडवर बसणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, मेकॅनिकल फ्युएल पंपाचं पॅकिंग ही सगळी अर्ध्या-एक तासाची कामं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरची दिशा आणि बॉडीची जागा खडूने खूण करून ठेवा, नाहीतर टायमिंग हलेल. जुन्या डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असेल तर त्याचे ऑईलचे पाईप आणि बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर जरूर बघा. तिथलं ऑईल खाली येऊन अगदी पुढच्या क्रँक सीलसारखं दिसतं. टर्बो असेल तर त्याचा खालचा रिटर्न पाईपही यादीत घ्या.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग : पायरीपायरीने

जुन्या इंजिनच्या गळतीत बहुतेक वेळा गाठ याच्याशी पडते, आणि घरी नीट करता येण्यासारखं काम आहे. नवं पॅकिंग, कव्हरच्या बोल्टांची रबरी वायसर, प्लगच्या नळ्यांची सीलं आणि लागत असेल तर हेडच्या टोकाचं अर्धगोल रबर, हे सगळं एकदमच आणा. जुनी वायसर ठेवून नुसतं पॅकिंग बदललं तर बोल्टांखालून ऑईल येत राहतं.

१. इंजिन गार करा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. प्लगच्या वायरींवर चिकटपट्टी लावून नंबर टाका. एअर क्लीनर, ब्रीदरचा पाईप, ॲक्सिलरेटरची केबल आडवी येत असेल तर ती, असं बाजूला घ्या.

२. कव्हरच्या कडेची माती ब्रशने आणि हवेने काढा. कव्हर उघडल्यावर ती थेट कॅमशाफ्टवर पडते.

३. बोल्ट बाहेरून मधल्या दिशेने थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने टकटक करा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

४. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडा. उघड्या हेडवर आधी स्वच्छ कापड अंथरा. ड्रिलला लावायची घासणारी चकती इथे वापरू नका, तिचे कठीण कण ऑईलमध्ये जाऊन बेअरिंगं खराब करतात. गाडी फार जुनी असेल तर पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, हवा मारू नका, ओलं करून खरवडा आणि तुकडे पिशवीत बंद करा.

५. कव्हर पत्र्याचं असेल तर इथे पाच मिनिटं जास्त द्या. कव्हर काचेवर पालथं ठेवा आणि कडेने बघा. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी बोल्ट आवळून आवळून प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा खाली दाबलेला असतो. काचेला फक्त भोकांचे उंचवटे टेकलेले दिसतात आणि दोन बोल्टांच्या मधून उजेड आरपार येतो. त्याच फटीतून ऑईल येत होतं. कड लाकडावर ठेवून भोकाभोवती छोट्या हातोडीने हलके ठोके देत पत्रा सरळ करा. हे न करता कितीही भारी पॅकिंग लावलं तरी फट राहणारच.

६. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा. पॅकिंगच्या खाचेत ऑईलचा थेंबही नको.

७. रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. ऑईल चालणारं आरटीव्ही सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत लावायचं: पुढची कॅम कॅप आणि हेड, टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या सांध्यांवर, आणि अर्धगोल रबराच्या दोन्ही टोकांना वाटाण्याएवढं. सगळ्या कडेने सिलिकॉनची जाड वळी ओढायची सवय वाईट. बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि ऑईल पंप उपाशी राहतो. कॉर्कच्या पॅकिंगला हवं तर कव्हरच्या बाजूने पातळ हात द्या, म्हणजे ते जागेवरून सरकत नाही. हेडची बाजू कोरडी.

८. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा. बऱ्याच इंजिनांत या ६ मिमीच्या बोल्टांना ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क असतो, म्हणजे छोटा पाना आणि मनगटाचा जोर. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. लांब पाना हाती आला की कॉर्क चिरडून बाहेर येतो.

सिलिकॉन लावलं असेल तर पाकिटावर लिहिलेला वेळ द्या. पूर्ण मुरायला अनेक प्रकारांना २४ तास लागतात. गाडी लगेच लागणार असेल तर काम दुसऱ्या दिवशी काढा.

चेंबर

वरचं सगळं कोरडं असल्याची खात्री झाल्यावरच इथे या. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. ऑईल काढा, चेंबर उतरवा. काही गाड्यांत त्यासाठी पुढचा क्रॉस मेंबर किंवा इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, ते आधी बघून घ्या. कड सरळ करायची रीत पत्र्याच्या कव्हरसारखीच. सिलिकॉन लागतं ते टायमिंग कव्हर आणि मागची बेअरिंग कॅप जिथे ब्लॉकला मिळते त्या चार कोपऱ्यांत. चेंबर खाली आलंच आहे तर ऑईल पंपाची जाळी धुवा, आणि तळाशी चमकणारे धातूचे कण दिसतात का ते बोट फिरवून बघा. दिसले तर गळती ही तुमची मोठी अडचण राहिलेली नाही.

पुढचं क्रँक सील

खूण ठरलेली. क्रँक पुलीच्या मागे ओल, आणि पुलीने गोल फेकलेल्या ऑईलची रेघ आजूबाजूच्या पत्र्यावर, बॉनेटच्या आतल्या अस्तरावर. बेल्ट काढा, पुलीचा बोल्ट सोडा. तो फार घट्ट असतो. पुली धरायचं योग्य हत्यार वापरा. पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुली पुलरने ओढा. टायमिंग बेल्टच्या इंजिनमध्ये बेल्ट काढल्यावर क्रँक किंवा कॅम फिरवायचा नाही, आणि ऑईल लागलेला बेल्ट पुसून परत लावायचा नाही. नवा टाका. इतकं उघडलंच आहे तर कॅमचं सीलही याच वेळी.

जुनं सील काढायला त्याच्या धातूच्या कडेत लहानसं भोक पाडून स्क्रू पिळायचा आणि पक्कडीने ओढायचं. ड्रिल शाफ्टला लागता कामा नये. सील निघालं की जिथे लिप (सीलची शाफ्टला टेकणारी कड) घासते तिथून शाफ्टवर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला खाच पडलीय. नवं सील त्याच खाचेत बसलं तर तेही गळणार. जागा असेल तर सील १-२ मिमी पुढे-मागे बसवा म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते, किंवा शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते ती लावा.

नवं सील बसवताना स्प्रिंग दिसणारी बाजू आत, ऑईलकडे. साध्या रबरी लिपला ऑईल लावा. पीटीएफईची पांढरट किंवा राखाडी, बिनस्प्रिंगची लिप असेल तर ती कोरडीच बसते, तिला बोटही लावू नका. सीलच्या बाहेरच्या मापाची गोटी (सॉकेट) किंवा पाईपचा तुकडा घेऊन चारी बाजूंनी सारखं ठोकत आत घाला. तिरकं गेलं तर काढून दुसरं नवं घ्या.

सील घेताना मटेरियल विचारा. साधं नायट्राईल रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं. व्हायटॉन जास्त तापमान सोसतं, थोडं महाग पडतं, पण इतक्या मेहनतीच्या जागी तेच घ्यावं.

मागचं क्रँक सील

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, बेलहाऊसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घराच्या) तळाच्या भोकातून थेंब पडत असेल तर लोक लगेच मागच्या सीलचं नाव घेतात. हे काम गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही, म्हणून आधी तीन गोष्टी तपासा. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा आणि हेडच्या मागच्या टोकाचा प्लग: तिथलं ऑईल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून नेमकं याच ठिकाणी येतं. दुसरं, थेंबाचा वास: गंधकाचा असेल तर गळती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट सीलची आहे. तिसरं, ब्रीदर.

सीलच गेलंय असं ठरलं तर घाई करायची की नाही ते क्लचवर ठरवा. क्लच घसरत नसेल आणि महिन्याला थोडंसंच ऑईल भरावं लागत असेल, तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच असतो. मग सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील एका मजुरीत होतात. फार जुन्या इंजिनांत मागे दोरीचं सील असतं, आणि काहींत सीलच नसतं: शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच असते, ती फिरताना ऑईल आत ढकलते आणि उभ्या गाडीत थोडं टपकतंच. अशा इंजिनला पूर्ण कोरडं करायच्या नादाला लागू नका. गाडीखाली ट्रे ठेवा.

बाटलीतलं औषध

ऑईलमध्ये घालायची लीक-स्टॉप रसायनं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात आणि मऊ करतात. मागच्या सीलची बारीक गळती काही काळ कमी होऊ शकते. गिअरबॉक्स उतरेपर्यंतचा वेळ काढायला ठीक. पण कॉर्कचं पॅकिंग, वाकलेला पत्रा, खाच पडलेला शाफ्ट यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि पुन्हा पुन्हा घातलं तर धड असलेली सीलंही गरजेपेक्षा मऊ पडतात. जास्त चाललेल्या इंजिनांसाठी सील कंडिशनर असलेलं ऑईल मिळतं, तो त्या मानाने सौम्य पर्याय. ग्रेड दाट करायचा असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या यादीतलाच पुढचा ग्रेड घ्या.

काम झाल्यावर

ऑईल भरा, सपाट जागी लेव्हल बघा, इंजिन चालू करा आणि प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. १०-१५ मिनिटं आयडलवर ठेवून टॉर्चने प्रत्येक सांधा बघा. मग वीसेक किलोमीटर चालवून आणा आणि रात्री पुन्हा पुठ्ठा पसरा. पहिल्या एक-दोन दिवसांत एक्झॉस्टवरून थोडा जळका वास किंवा धूर येईल, तो काम करताना सांडलेल्या ऑईलचा. टिकून राहिला तर परत बघा. इंजिनच्या पाठीमागे आणि ब्रॅकेटांच्या आड जुनं ऑईल अडकलेलं असतं, ते आणखी काही दिवस उतरत राहतं. म्हणून पहिला थेंब दिसला की सगळं पुन्हा उघडायला बसू नका. ती जागा पुसा, पावडर मारा आणि वरून नवी रेघ येते का ते पाहा.

कॉर्कचं पॅकिंग लावलं असेल तर इंजिन चार-पाच वेळा तापून गार झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा, सैल झालेले आढळले तर ठरलेल्या टॉर्कपर्यंतच आवळा. डिपस्टिकची लेव्हल आणि किलोमीटरचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवा, दोन महिने पुरे. काढलेलं ऑईल झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका. ऑईलने भिजलेल्या चिंध्या ढीग करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.